छेदातली मुले

जून २०१९ मध्ये महाराष्ट्राचा दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. एका वर्षात बारा टक्क्यांहून अधिक घसरण. त्या आठवड्यात आमच्या शिक्षक-खोलीत जे बोलले जात होते तेच गावात, तेच वर्तमानपत्रांत: मुले मोबाइलमुळे बिघडली, शिक्षक शिकवत नाहीत, नवा अभ्यासक्रम पेलवला नाही. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, निकाल ९५.३० टक्के लागला. अठरा टक्क्यांची उडी. त्या बारा महिन्यांत मोबाइल कमी झाले नव्हते आणि शिक्षकही तेच होते.

झाले होते ते एवढेच. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण २०१९च्या परीक्षेला काढून टाकले होते आणि लेखी परीक्षा पूर्ण १०० गुणांची केली होती. त्याच वर्षी पाठ्यपुस्तकेही नवी होती, हे खरे. पण नवी पाठ्यपुस्तके २०२० मध्येही तीच होती. ऑगस्ट २०१९ मध्ये शासनाने ते २० गुण परत आणले आणि निकाल पूर्वीच्याही वर गेला. तोंडी परीक्षेत २० पैकी १८ गुण मिळालेल्या मुलाला उत्तीर्ण व्हायला लेखीत ८० पैकी १७ पुरतात. ते २० काढून घेतले की त्याच मुलाला १०० पैकी ३५ लागतात. मूल तेच, बाई त्याच, वर्गही तोच.

मी अठ्ठावीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. निकालपत्रक करण्याचे काम गणितवाल्याकडे येतेच, तसे ते माझ्याकडे होते. म्हणून शाळेची टक्केवारी कशी तयार होते हे मी फार जवळून पाहिले आहे, आणि त्यातले काही मला आजही शांत झोपू देत नाही. ते सांगायचे म्हणून हा लेख.

मागच्या काही वर्षांचे राज्याचे आकडे ओळीने ठेवून पाहा. २०२१ मध्ये ९९.९५ टक्के. त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे २० अशी बेरीज करून शाळांनी गुण दिले. २०२२ मध्ये ९६.९४. त्या वर्षी अभ्यासक्रम पाऊणपट केला होता, वेळ वाढवून दिला होता आणि ‘शाळा तिथे केंद्र’ होते, म्हणजे परीक्षा आपल्याच शाळेत. २०२३ मध्ये परीक्षा पुन्हा जुन्या पद्धतीने झाली आणि निकाल ९३.८३ वर आला. २०२४ मध्ये ९५.८१, २०२५ मध्ये ९४.१०. या ओळीतून महाराष्ट्रातली मुले कोणत्या वर्षी हुशार झाली आणि कोणत्या वर्षी ढ, हे कुणीही काढून दाखवावे. निघत नाही. नियम कोणत्या वर्षी काय होता, एवढे मात्र स्पष्ट निघते. तरी दर वर्षी निकालाच्या वेळी आपण ‘निकालात अमुक टक्क्यांनी वाढ’ असे वाचतो आणि त्यावर मत बनवतो.

पण गुण देण्याचे नियम हा प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग अपूर्णांकाच्या खालच्या बाजूला आहे.

पाचवी-सहावीच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना मी नेहमी सांगत असे की वरचा आकडा सगळ्यांना दिसतो, पण अर्थ ठरवतो तो खालचा. अंश म्हणजे किती घेतले. छेद म्हणजे कशातून घेतले. शाळेच्या निकालात अंश म्हणजे उत्तीर्ण झालेली मुले. छेद कोणता? परीक्षेला प्रविष्ट झालेले नियमित विद्यार्थी. म्हणजे परीक्षेच्या दिवशी, त्या शाळेच्या नावाने, बाकावर बसलेली मुले. आठवीत त्या शाळेच्या हजेरीपटावर किती होती, नववीत किती, त्यांतली किती दहावीच्या बाकापर्यंत पोहोचली, हे या छेदात कुठेच येत नाही.

समजा, एका शाळेत आठवीत ६० मुले आहेत. दहावीच्या परीक्षेला ४२ बसली आणि ४२ उत्तीर्ण झाली. फाटकावर फलक लागतो: निकाल १०० टक्के. शेजारच्या शाळेत आठवीत ६०च होती, दहावीला ५८ बसली आणि ५१ उत्तीर्ण झाली. तिचा निकाल ८८ टक्क्यांच्या खाली. पालक पहिल्या शाळेपुढे रांग लावतील, आणि दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे निकाल कमी का लागला याचा खुलासा मागितला जाईल. आता छेद बदलून पाहा. आठवीच्या ६० मुलांपैकी पहिल्या शाळेने ४२ म्हणजे ७० टक्के मुलांना दहावी पार करून दिली; दुसरीने ५१ म्हणजे ८५ टक्के मुलांना. क्रम उलटा झाला. आकडे तेच आहेत, मी फक्त खालचा आकडा बदलला.

मधली अठरा मुले कुठे जातात, हे माध्यमिक शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. काही बदलीने जातात, काही दुसऱ्या शाळेत. काही मुलींची लग्ने होतात, आणि त्याबद्दल शिक्षक-खोलीत दबक्या आवाजात बोलले जाते. पण काही मुलांना शाळाच घालवते. त्याची जागा ठरलेली आहे: नववी. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मूल मागे ठेवायचे नाही, असे बरीच वर्षे होते. आता पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आली आहे, पण कच्चे मूल खऱ्या अर्थाने अडते ते अजून नववीतच. एप्रिलमध्ये निकालाच्या आधी ‘छाननी’ होते. दहावीत कोण ‘निघेल’, कोण ‘अडकवेल’. अडकवणाऱ्यांच्या पालकांना बोलावले जाते.

त्यांना दिला जाणारा सल्ला दोनच प्रकारचा असतो. एक, मुलाला नववीतच पुन्हा बसवू. दोन, दाखला काढा आणि १७ नंबरचा फॉर्म भरा.

१७ नंबरचा फॉर्म ही चांगली सोय आहे, हे आधी सांगतो. शाळा सुटलेल्या बाईला, लहानपणीच कामाला लागलेल्या माणसाला खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देता यावी यासाठी ती आहे. त्या वाटेने पुढे गेलेली माणसे मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मंडळाच्या निकालात खासगी विद्यार्थ्यांची गणती वेगळी होते, नियमित विद्यार्थ्यांच्या टक्केवारीत ती मिसळत नाही. हे ज्या दिवशी शाळांच्या लक्षात आले, त्या दिवशी ती सोय छेदातून मूल काढून टाकण्याची खिडकी झाली. चौदा-पंधरा वर्षांचे, वर्गात बसण्याच्या वयाचे मूल ‘खासगी’ होते.

एका मुलाचे मला आठवते. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर टोळी निघाली की तोही जाई, आणि मार्चमध्ये परत येई. गणितात तो कच्चा होता असे मी म्हणणार नाही, कारण उसाच्या मोळ्या, गाडीचा भार, मुकादमाची उचल आणि तिच्यातून कापलेली रक्कम हा सगळा हिशेब तो तोंडी करत असे. त्याला बीजगणित येत नव्हते, कारण बीजगणिताचा बराचसा भाग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शिकवला जाई आणि तेव्हा तो फडात असे. नववीच्या छाननीत त्याचे नाव आले. त्याच्या वडिलांना बोलावले तेव्हा मी खोलीत होतो. ‘इथं राहिला तर नापास होईल, बाहेरून बसला तर सुटेल,’ असे त्यांना सांगण्यात आले. ते हात जोडून म्हणाले, ‘सर, तुम्ही म्हणाल तसं.’ दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात लिहिले गेले: पालकांच्या विनंतीवरून. मी काही बोललो नाही. त्याने पुढे फॉर्म भरलाच नाही. त्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल चांगला लागला, आणि ते निकालपत्रक माझ्या अक्षरात आहे.

या व्यवस्थेतली सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की त्याच मुलाची शाळेला दुसरीकडे गरज असते. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते. किती शिक्षक मंजूर, किती अतिरिक्त, हे त्या आकड्यावर ठरते. पट घसरला की पद जाते, एखाद्या सहकाऱ्याला समायोजनाच्या यादीत जावे लागते. म्हणून सप्टेंबरमध्ये प्रत्येक मूल हवे असते. एकेका नावासाठी शिक्षक वस्तीवर फिरतात. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी करावी लागली ती याच ओढीतून फुगलेल्या पटांमुळे. तर पगाराच्या कागदावर छेद मोठा हवा आणि निकालाच्या कागदावर लहान. एकच मूल एका कागदावर मोजले जाते आणि दुसऱ्यावरून पुसले जाते. आपण शाळांना बक्षीस आणि शिक्षा ज्या आकड्यांवर देतो, ते आकडेच त्यांना हे करायला शिकवतात. मी शाळांना दोषमुक्त करत नाही. मी स्वतः त्यात होतो. पण गणित असे मांडून ठेवले की उत्तर काय येणार, हे आधीच ठरलेले असते.

हे फक्त गावातल्या शाळेपुरते नाही. राज्याच्या प्रगतिपुस्तकाचेही असेच आहे.

केंद्राचे शिक्षण मंत्रालय राज्यांच्या शालेय शिक्षणाला एक हजार गुणांपैकी गुण देते. त्याला परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स म्हणतात. २०२०-२१च्या निर्देशांकात महाराष्ट्राला ९२८ गुण मिळाले. केरळ आणि पंजाबलाही तितकेच, तिघे देशात सर्वांत वर. मोठी बातमी झाली, आणि आम्हा शिक्षकांनाही आनंद झाला. पण त्या हजार गुणांची वाटणी कशी होती? मुलांना प्रत्यक्ष काय येते यासाठी १८० गुण, प्रशासनाच्या प्रक्रियांसाठी ३६०. म्हणजे शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होतात का, हजेरी डिजिटल आहे का, निधी पुढे जायला किती दिवस लागतात, याला मुलाच्या वाचनाच्या आणि गणिताच्या दुप्पट किंमत. आणि ते १८० गुण कोणत्या माहितीवर दिले? नोव्हेंबर २०१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणावर. तेव्हा तिसरीत असलेले मूल २०२०-२१ मध्ये सहावीत होते, आणि ते वर्ष शाळा बंद असल्याचे होते. मुले घरी बसली होती, तरी त्यांच्या शिकण्याचे गुण जागचे हलले नाहीत, कारण ते तीन वर्षांपूर्वीचे होते.

पुढच्याच वर्षी मंत्रालयाने सूत्र बदलले. प्रशासनाचे ३६० वरून १३० केले, मुलांच्या संपादणुकीचे १८० वरून २४०, आणि शिक्षकांच्या शिक्षण-प्रशिक्षणाला १०० गुण नव्याने दिले. संपादणुकीची माहितीही नवी घेतली, १२ नोव्हेंबर २०२१च्या सर्वेक्षणाची. त्या २०२१-२२च्या निर्देशांकात वरच्या पाच श्रेणींत देशातले एकही राज्य बसले नाही. महाराष्ट्र ५८१ ते ६४० गुणांच्या ‘प्रचेष्टा-३’ या श्रेणीत आला. एका वर्षात ९२८ वरून सहाशेच्या आसपास. मग ‘महाराष्ट्राची घसरण’ अशी ओरड झाली. नव्या सूत्राचा कल मला जुन्यापेक्षा बरा वाटतो, कारण त्यात मूल जरा जास्त दिसते. पण दोन सूत्रांचे दोन आकडे शेजारी ठेवून वर गेलो की खाली आलो असे म्हणणे म्हणजे एकदा मैलात आणि एकदा किलोमीटरमध्ये मोजून रस्ता लांबला असे म्हणणे. ९२८चे कौतुक करणारे आणि पुढच्या वर्षी छाती पिटणारे, दोघांनीही वाटणीचा तक्ता पाहिला नव्हता.

शाळासिद्धी या केंद्राच्या शाळा-मूल्यमापन कार्यक्रमाबद्दल थोडक्यातच सांगतो. सात क्षेत्रे, ४६ गाभा मानके, आणि शाळेने आपले मूल्यमापन आपणच करायचे. कल्पना उत्तम होती. पण ज्या मूल्यमापनाचा आकडा वर जाऊन तुलनेला लागतो, ते प्रामाणिक आत्मपरीक्षण राहत नाही. संध्याकाळी सहा वाजता, इंटरनेटची रेंज शोधत, मुदत संपायच्या आत रकाने भरणाऱ्या शिक्षकाकडून ती अपेक्षा करू नये.

आता लहान शाळांविषयी. याबद्दल मला तळमळीने सांगायचे आहे, कारण इथे अन्याय अगदी अंकगणिताचा आहे. दहावीच्या वर्गात आठ मुले असतील तर एक नापास झाले की निकाल साडेबारा टक्क्यांनी खाली येतो. ऐंशी मुले असतील तर त्याच एका मुलाने सव्वा टक्का खाली येतो. म्हणून ज्या शाळांचा निकाल शंभर टक्के असतो त्यांत लहान शाळा भरपूर दिसतात, आणि ज्यांचा निकाल अगदी तळाशी असतो त्यांतही. लहान शाळा एकाच वेळी फार चांगल्या आणि फार वाईट असतात असे नाही. लहान संख्येत एका मुलाचा ताप, एका घरातला मृत्यू, एक सायकलचा अपघात एवढ्यानेही शाळेचे नाव वरच्या यादीतून खालच्या यादीत जाते. यंदा कौतुकाचा सत्कार आणि पुढच्या वर्षी कारणे दाखवा नोटीस, आणि मधल्या काळात शिकवणारे दोन शिक्षक तेच, तशाच कष्टाने शिकवत असतात. अशा शाळेचा एका वर्षाचा निकाल छापूच नये. तीन वर्षांची मुले एकत्र धरावीत आणि मगच टक्केवारी काढावी. वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा ज्या राज्यात आहेत, तिथे हा तांत्रिक मुद्दा म्हणून बाजूला सारता येत नाही. वाडीवरची शाळा चालू राहावी की नाही, यावरही असले आकडे पुढे केले जातात.

विभागवार निकालाचे वाचनही असेच बेफिकिरीने होते. २०२४ मध्ये कोकण विभागाचा निकाल ९९.०१ टक्के, नागपूर विभागाचा ९४.७३. कोकण वर्षानुवर्षे पहिले असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शिक्षकांच्या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे. तिथे शिक्षणाची ओढ जुनी आहे आणि गावातला शिक्षक अजूनही घरातला माणूस मानला जातो. पण हा विभाग दोनच जिल्ह्यांचा आहे. नागपूर विभागात शहरही आहे आणि गडचिरोलीही. घरी गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल पहिलीत मराठी ही नवी भाषा म्हणून शिकायला लागते. दहा वर्षांनी ते मराठीच्या पेपरात ४५ गुण मिळवते, तेव्हा त्याच्या शाळेने केलेला प्रवास किती लांबचा असतो! ज्या शाळेत मूल घरूनच वाचायला शिकून येते, तिच्या ८५ गुणांमध्ये शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे कुठलीही टक्केवारी सांगत नाही. आपण शिखराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतो. कोण पायथ्यापासून चढले आणि कुणाची गाडी अर्ध्या घाटापर्यंत गेली, हे विचारत नाही.

हे विचारण्याचा प्रयत्न काही ठिकाणी झाला आहे. इंग्लंडमध्ये १९९२ पासून शाळांच्या निकालाचे तक्ते छापले जाऊ लागले आणि जे इथे होते तेच तिथे झाले: सुखवस्तू वस्तीतल्या शाळा वर, गरीब वस्तीतल्या खाली. पुढे २०१६ पासून त्यांनी ‘प्रोग्रेस एट’ नावाचे माप आणले. मूल अकराव्या वर्षी कुठे होते आणि सोळाव्या वर्षी आठ विषयांत कुठे पोहोचले, हे तशाच पातळीवरून सुरुवात केलेल्या देशभरच्या मुलांशी ताडून पाहायचे. शून्य म्हणजे बाकीच्यांइतकीच प्रगती, शून्याच्या वर म्हणजे शाळेने काही अधिक दिले. विचार योग्य दिशेचा आहे. पण तिथेही छेद होताच. शेवटच्या वर्षी जानेवारीत जी मुले पटावर असतील तीच मोजायची, असा नियम होता. मग काही शाळांतून त्या तारखेच्या आधी कच्ची मुले पटावरून नाहीशी होऊ लागली. त्याला तिथे ‘ऑफ-रोलिंग’ म्हणतात. आपल्याकडे त्याला पालकांच्या विनंतीवरून म्हणतात. सूत्र कितीही हुशार असो, मोजणीची तारीख शाळेला सोयीची असली की मुले त्या तारखेच्या अलीकडे गळतात.

म्हणून मला ‘असर’चे, म्हणजे ग्रामीण मुलांना वाचता-मोजता किती येते हे सांगणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या अहवालाचे, एक वैशिष्ट्य फार मोलाचे वाटते. त्याच्या निष्कर्षांवर वाद होतात, ते होऊ देत. २०२४च्या अहवालाप्रमाणे देशातल्या सरकारी शाळांतली तिसरीची २३.४ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. हा आकडा पटो न पटो, पण २००५ पासून ती माणसे ग्रामीण भागात शाळेत न जाता घरी जातात. शाळेत येणारे, न येणारे, नाव असून कधीच न दिसणारे, सगळे मूल घरी सापडते. त्यांचा छेद म्हणजे गावातली मुले. शाळेचे प्रगतिपुस्तक करणाऱ्यांनी निदान एवढे तरी त्यांच्याकडून उचलावे.

माझे काही सहकारी म्हणतात की शाळांना मोजूच नका, शिक्षण हे मोजण्याचे कामच नव्हे. मला हे पटत नाही. ज्या बापाला स्वतःला वाचता येत नाही, त्याला आपल्या मुलीला कोणत्या शाळेत घालावे हे कळण्याचा हक्क आहे. सुशिक्षित घरांना ते ओळखीपाळखीतून कळते. त्याला कागदच हवा. शाळांचे आकडे झाकून ठेवले तर फायदा त्याचा होत नाही. कागद असावा, पण खरा असावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मूल गेले याला दर वेळी शाळा जबाबदार नसते. बापाची बदली झाली, घर हलले, तर तो ठपका शाळेवर का? बरोबर आहे. म्हणून मी म्हणतो की मूल दुसऱ्या शाळेत पोहोचले तर ते त्या शाळेच्या छेदात जावे. मात्र ते कुठेच पोहोचले नाही, तर शेवटच्या शाळेच्याच छेदात राहावे. यात कुणाला शिक्षा करण्याचा प्रश्न नाही, नोंदीचा आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यातली शाळा या मापाने खाली दिसेल, आणि ती तशी दिसायलाच हवी. कारण मग तिथे हंगामी वसतिगृह का चालत नाही, हा प्रश्न मुख्याध्यापकांना नव्हे तर तालुक्याला आणि जिल्ह्याला विचारता येईल. आज ती शाळा १०० टक्के निकालाचा फलक लावून बसली आहे, म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. गेलेल्या मुलांबरोबर तिची अडचणही कागदावरून गेली आहे.

लेखी आणि अंतर्गत गुण शाळानिहाय वेगवेगळे छापावेत, अशीही माझी मागणी आहे. शाळेची अंतर्गत सरासरी २० पैकी १९ आणि लेखीची ८० पैकी २५ असेल, तर पालकाला ते दिसू द्या. तोंडी परीक्षा रद्द करा असे मी म्हणत नाही. नीट घेतली तर बुजऱ्या मुलाला तीच बोलते करते. पण तिच्या आड लेखीचे अपयश झाकले जाऊ नये. आणि शाळेचा निकाल मुलांच्या सरासरीने सांगण्याऐवजी मधल्या मुलाचे गुण सांगावेत. चार मुलांच्या ९५ टक्क्यांनी फलक भरतो. वर्गाच्या मध्यावर बसलेल्या मुलीला काय मिळाले, ते वाचून शाळा कळते.

यांतले काहीच अवघड नाही. काही वर्षांपूर्वी अवघड होते, कारण पट एकगठ्ठा आकड्यात भरला जाई: आठवीत इतके मुलगे, इतक्या मुली. २०२२-२३ पासून यू-डायस प्लस या केंद्राच्या शालेय माहितीसंचात प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद होते, प्रत्येकाला कायमचा क्रमांक आहे. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक टाकला की आजही कुणालाही तिचे प्रगतिपुस्तक पाहता येते. त्यात वर्गखोल्या दिसतात, स्वच्छतागृहे दिसतात, शिक्षकांची संख्या दिसते, पट दिसतो. आठवीतून दहावी पार झालेले किती, हे दिसत नाही.

२०२२-२३ मध्ये जी मुले महाराष्ट्रात आठवीत होती, ती न अडखळता पुढे गेली असती तर फेब्रुवारी-मार्च २०२५च्या दहावीच्या परीक्षेला बसली असती. त्या आठवीची नावानिशी यादी शासनाकडे आहे. त्या दहावीची बैठक क्रमांकानिशी यादी मंडळाकडे आहे. नियमित बसलेली कोणती, १७ नंबरने बसलेली कोणती, नववीत मागे राहिलेली कोणती, आणि दोन्ही याद्यांत मिळून एकदाच सापडणारी कोणती, हे शाळेशाळेगणिक सांगणारे एकच कोष्टक मंडळाने आणि शिक्षण विभागाने मिळून प्रसिद्ध करावे. पुढच्या वेळी विभागवार टक्केवारी जाहीर होईल, तेव्हा तिच्या शेजारी हा एक रकाना असावा.